नवरा म्हणतो ‘नशीब’, मी म्हणते ‘आपल्याच हातात आहे’. मग झोप माझीच का उडाली?

ताई, तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडते, म्हणजे मी कशाला उत्तर देतेय ते वाचणाऱ्या इतरांनाही कळेल. मिस्टर ४८ वर्षांचे, सातपूर एमआयडीसीत नोकरी, तिन्ही पाळ्या फिरत्या. दीड वर्षापूर्वी मधुमेह निघाला, शेवटचा एचबीए१सी (साधारण तीन महिन्यांच्या साखरेची सरासरी सांगणारी तपासणी) ८.९. त्यांचं म्हणणं एकच: ‘आमच्या घराण्यातच आहे. अण्णांनी एवढं पथ्य पाळलं, शेवटी डायलिसिसवर गेलेच ना? जे व्हायचं ते होणार.’ गोळी आठवली तर घेतात. तुम्ही मात्र त्यांच्या साखरेची वही ठेवलीय. रोज सकाळी त्यांचं बोट तुम्ही टोचता, भाकऱ्या मोजून वाढता, रात्री दोनला उठून, साखर खाली जाऊन त्यांना घाम आलाय का ते चाचपता. आता तुमचंच बीपी १४६/९४ निघालं. ‘आयुष्य आपल्या हातात आहे असं मानणारी माणसं जास्त निरोगी असतात’ असं तुमच्या वाचनात आलं होतं. तसं मानणाऱ्या तुम्ही, न मानणारे ते, आणि आजारी पडताय तुम्ही. असं का? शिवाय शेवटी एक ओळ मुलाबद्दल: तो १९ वर्षांचा आहे, त्यालाही होणार का?

मी नाशिकमध्येच मानसशास्त्रज्ञ म्हणून काम करते. मधुमेह, बीपी, हृदयविकार असलेली माणसं आणि त्यांच्या घरचे, हाच माझ्या कामाचा मोठा भाग. मी औषधं देणारी डॉक्टर नाही आणि मिस्टरांना मी पाहिलेलं नाही, त्यामुळे त्यांच्या मनात काय आहे हे ठामपणे सांगणार नाही. खाली ज्या रुग्णांचे दाखले देतेय त्यांचे तपशील बदललेले आहेत.

पहिलं काम तुमच्या बीपीचं, कारण ते पूर्ण तुमचं आहे. एका आकड्यावरून बीपी ठरत नाही. आठवडाभर घरी मोजा. पाच मिनिटं शांत बसायचं, पाठ टेकलेली, पाय जमिनीवर, मग मिनिटाच्या अंतराने दोनदा. सकाळी आणि संध्याकाळी. घरच्या आकड्यांची सरासरी १३५/८५ किंवा त्याच्या वर राहिली तर ती जास्त धरतात. तो कागद घेऊन डॉक्टरांकडे जा, माझं लिहिलेलं वाचून थांबू नका.

आता तुमच्या वाचनात आलेल्या त्या वाक्याकडे वळते, कारण अर्धा घोळ तिथेच आहे. १९६६ साली जुलियन रॉटर या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी एक प्रश्नावली प्रसिद्ध केली. माझ्या बाबतीत जे घडतं ते माझ्या वागण्यामुळे घडतं, की नशीब, परिस्थिती आणि इतर माणसं यांच्यामुळे, याबद्दल माणसाची सर्वसाधारण अपेक्षा काय असते हे त्यात मोजलं होतं. कल्पना इतकी सोपी आणि आकर्षक होती, की पुढे तिचं ‘आतून चालणारे शहाणे, बाहेरून चालणारे बावळे’ असं करून टाकलं गेलं. खुद्द रॉटर यांनी १९७५ साली लेख लिहून या चांगल्या-वाईटाच्या वाटणीबद्दल तक्रार केली. ती तक्रार मोटिव्हेशनवाल्या व्हिडिओंपर्यंत अजून पोचलेली नाही.

आरोग्यापुरतं बोलायचं तर पुढचं काम जास्त उपयोगी आहे. केनेथ आणि बार्बरा वॉल्स्टन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७८ साली १८ वाक्यांची प्रश्नावली केली, त्यात सहा-सहा वाक्यांचे तीन गट होते. माझं आरोग्य माझ्या वागण्यावर आहे, हा एक. ते डॉक्टर आणि घरच्यांच्या हातात आहे, हा दुसरा. ते योगायोगावर किंवा नशिबावर आहे, हा तिसरा. लक्षात घ्यायची गोष्ट अशी की हे तीन गट बऱ्याच अंशी स्वतंत्र असतात. एकाच माणसाचे तिन्हींत चांगले गुण येऊ शकतात. नशीब मानणारा माणूस स्वतःच्या वागण्याला किंमत देत नाही, असा निष्कर्ष त्यातून निघतच नाही.

सिन्नरकडचे एक वारकरी माझ्या ओळखीचे आहेत. त्र्यंबकेश्वरहून निवृत्तीनाथांची पालखी निघते, तिच्याबरोबर पंढरपूरला चालत जातात. प्रत्येक वाक्याला ‘माउलीची इच्छा’. प्रश्नावली दिली तर नशिबाच्या रकान्यात भरभरून गुण मिळतील. पण इन्सुलिन ठरल्या वेळी घेतात आणि दिंडीतही रोज रात्री पाय तपासतात, फोड आलाय का बघायला. कारण विचारलं तर म्हणाले, देह माउलीचा आहे, माझ्या मालकीचा थोडाच आहे हेळसांड करायला! याउलट ‘सगळं माझ्या हातात’ म्हणणारे एक गृहस्थ इच्छाशक्तीने साखर उतरवणार होते. कोणाच्या तरी फॉरवर्डवर भिस्त ठेवून गोळ्या परस्पर बंद केल्या आणि दवाखान्यात भरती व्हायची वेळ आली. वजन बऱ्यापैकी उतरवून काहींचा मधुमेह औषधांशिवायही आटोक्यात राहतो, हे खरं आहे. पण ते डॉक्टरांच्या देखरेखीखाली, तपासण्या करत करत होतं. या दोघांत मनावर ताबा असल्याची भाषा कोण बोलत होतं आणि शरीराची काळजी कोण घेत होतं, ते बघा.

म्हणजे या समजुतींचा आणि प्रत्यक्ष वागण्याचा संबंध असतो, पण तो लोक समजतात तितका घट्ट नाही. त्यामुळे मी कुणाची श्रद्धा बदलायच्या भानगडीत पडत नाही. त्याऐवजी दोन प्रश्न वेगवेगळे विचारते. ‘हे केल्याने फरक पडेल असं वाटतं का?’ हा पहिला. ‘ते तुम्हाला जमेल असं वाटतं का?’ हा दुसरा. अल्बर्ट बँड्युरा या मानसशास्त्रज्ञांनी १९७७ साली या दुसऱ्या प्रश्नाला स्वतंत्र जागा दिली. माझा अनुभव असा की रोजच्या वागण्यात गाडी बहुधा दुसऱ्यावरच अडते. भाताने साखर वाढते हे मिस्टरांना ठाऊक नाही असं तुम्हाला खरंच वाटतं? कँटीनमध्ये सगळे जेवत असताना आपण वेगळं काय आणि कसं खायचं, थर्ड शिफ्टला पहाटे तीनला भूक लागली की काय करायचं, यावर त्यांच्याकडे उत्तर नसेल. उत्तर नसलं की माणूस ‘नशीब’ म्हणतो. ते म्हटलं की वाद तिथेच संपतो, ही त्या शब्दाची मोठी सोय आहे.

‘नशीब’ ऐकलं की मी आधी अंदाज घेते, हे नक्की कुठलं नशीब आहे. कधी ती श्रद्धा असते, वर सांगितली तशी, तिला हात लावायचं कारण नाही. कधी तो बायकोपुढे वाद मिटवायचा मार्ग असतो. कधी ती भीती असते, आणि अण्णांच्या डायलिसिसचा उल्लेख वाचून मला इथे तीच दिसतेय. आणि कधी ते नैराश्य असतं. मधुमेहाबरोबर नैराश्य बऱ्याच जणांना येतं आणि घरच्यांना ते बेफिकिरी वाटतं. मिस्टरांना बाकी गोष्टींत रस आहे का? मॅच बघतात, मित्रांत बसतात, रविवारी मिसळ खायला उत्साहाने निघतात? मग ठीक. पण सगळ्यातूनच मन उडालं असेल, झोप-भूक बिघडली असेल, तर पुढचं सगळं बाजूला ठेवा आणि आधी डॉक्टरांना तेवढंच सांगा.

भीती धरून चालू. वडिलांनी सगळं केलं आणि तरी मूत्रपिंडं गेली, हे ज्याने घरात बघितलं त्याने ‘करून काही होत नाही’ हे पुस्तकातून घेतलेलं नाही. मार्टिन सेलिग्मन आणि स्टीव्हन मायर यांचे १९६७ चे प्रयोग पुष्कळांना माहीत असतात. काही केलं तरी विजेचा धक्का चुकत नाही असा अनुभव आलेले कुत्रे, पुढे सुटका शक्य असतानाही बसून राहिले. असहायता शिकली जाते, असा अर्थ तेव्हा लावला गेला. पण याच दोघांनी २०१६ साली, मधल्या काळातल्या मेंदूच्या अभ्यासावरून, हा अर्थ उलटा केला. त्रास लांबला की गप्प पडून राहणं ही सजीवाची मूळचीच प्रतिक्रिया आहे, आणि शिकावं लागतं ते ‘माझ्या करण्याने फरक पडतो’ हे. मला हा बदल फार कामाचा वाटतो. मिस्टरांच्या डोक्यातून काही काढून टाकायचं नाहीये. एक अनुभव त्यांना अजून मिळालेला नाही, तो मिळवून द्यायचा आहे. तो भाषणातून मिळत नाही.

दिंडोरीकडचे एक द्राक्ष बागाईतदार होते. ऑक्टोबर छाटणी झाली आणि ढगाळ हवा आली की डाऊनी या रोगाच्या धास्तीने हा माणूस वेळ-काळ न बघता फवारणीला निघायचा. एका वर्षी गारपिटीने बाग पार झोपली, तरी पुढच्या एप्रिलला खरड छाटणी वेळेवर. आभाळ आपल्या हातात नाही आणि छाटणी आहे, हे त्यांना कुणी शिकवायची गरज नव्हती. तेच गृहस्थ साखरेबद्दल मात्र ‘नशिबात असेल ते’ म्हणायचे. मला कोडं पडलं होतं. बोलता बोलता उलगडा झाला: बागेत फवारणी चुकली की चार दिवसांत पानावर दिसतं. साखर दिसत नाही. पायाला मुंग्या येईपर्यंत काही म्हणजे काही दिसत नाही. केलेल्याचा परिणाम समोर दिसला नाही तर ‘माझ्या हातात आहे’ ही समजूत यायची कुठून?

म्हणून परिणाम दिसायची सोय करायची. रोज सकाळी उपाशीपोटी टोचण्याचा या कामी उपयोग कमी, कारण त्या एका आकड्यात रात्रीचं जेवण, झोप, कामाची पाळी, सर्दी-ताप, पहाटे शरीर स्वतःच सोडतं ती साखर, सगळं एकत्र झालेलं असतं. काय केल्यामुळे काय झालं ते कळत नाही. त्याऐवजी जोडीची तपासणी करा. एक जेवण निवडायचं. पहिला घास घ्यायच्या आधी एकदा मोजायचं आणि त्या घासापासून दोन तासांनी पुन्हा. दोन आकड्यांमधला फरक म्हणजे त्या जेवणाचा हिशेब. दुसऱ्या दिवशी त्याच जेवणात एकच बदल करून परत मोजायचं.

तुमच्या घरी रविवारची मिसळ असेल तर तिच्यावरच करून बघा, बंद करायची काही गरज नाही. एका रविवारी नेहमीसारखे दोन-तीन पाव. पुढच्या रविवारी तीच मिसळ, पाव एक. त्याच्या पुढच्या रविवारी पुन्हा नेहमीचे पाव, पण खाल्ल्यावर पंधरा-वीस मिनिटं चालायचं. आकडे काय येतील ते मी सांगणार नाही. माणसागणिक फरक पडतो आणि आधी सांगितलं तर मजाही जाते. अटी मात्र कडक आहेत. पदार्थ ते निवडणार. बोट ते टोचणार. आकडा आधी ते बघणार. आणि तुम्ही त्यावर एक अक्षर बोलायचं नाही, ‘बघा, मी सांगत होते’ तर मुळीच नाही. हे शेवटचं सगळ्यात अवघड आहे. बागाईतदारांच्या घरी वहिनींना त्या वेळी मी शेजारी पाठवत असे.

अण्णांच्या भीतीलाही असाच काहीतरी आकार द्यावा लागतो. मूत्रपिंडांचं काय चाललंय हे लघवीतल्या अल्ब्युमिनच्या आणि रक्तातल्या क्रिएटिनिनच्या तपासणीत त्रास जाणवायच्या बराच आधी कळू शकतं. टाइप २ मधुमेहात निदान झाल्यावर आणि मग दरवर्षी ती करायची असते. डोळ्यांच्या पडद्याची तपासणीही तशीच. झालीय का? बऱ्याच घरांत झालेली नसते. ‘तुमचं अण्णांसारखं होईल’ असं म्हणून धाक घालण्याऐवजी ‘अण्णांची ही तपासणी कधी झाली होती का?’ एवढंच विचारा. वाद घालू नका, अण्णांनी पथ्य पाळलंच नव्हतं वगैरे उकरून काढू नका. ब्रिटनमधल्या टाइप २ मधुमेहाच्या मोठ्या अभ्यासात, १९९८ साली, साखर अधिक काटेकोर ठेवलेल्या गटात डोळे-मूत्रपिंडांसारखे बारीक रक्तवाहिन्यांचे त्रास सुमारे एक चतुर्थांशाने कमी झालेले दिसले. एक चतुर्थांश म्हणजे पुष्कळ. सगळे टळले असंही नाही, तेव्हा अण्णांचं उदाहरण खोटं पाडायची गरजच पडत नाही.

गोळीचं लवकर आटपते. तुम्ही घड्याळाचा अलार्म लावून दिलात आणि तो चालला नाही, असं लिहिलंय. फर्स्टला सातला, सेकंडला तीनला, थर्डला रात्री अकराला कामावर जाणाऱ्या माणसाला घड्याळाची सवय लागणं कठीण. सवय घटनेला बांधायची: ‘डबा उघडला की आधी गोळी’. डबा तर प्रत्येक पाळीत उघडतोच. असं ‘अमुक झालं की तमुक करायचं’ आधी ठरवून ठेवलं की काम होण्याची शक्यता वाढते, हे पीटर गोल्विट्झर आणि इतरांच्या संशोधनात पुन्हा पुन्हा दिसलेलं आहे. मात्र त्यांची गोळी जेवणाआधीची की नंतरची, पाळी बदलली की वेळ कशी बदलायची, हे डॉक्टरांना विचारून मगच. ग्लिमेपिराइडसारखी गोळी घेतली आणि जेवण राहिलं तर साखर धोकादायक खाली जाऊ शकते.

यातूनच तुमच्या रात्रीच्या दोनच्या पहाऱ्याचा प्रश्न सुटू शकतो. पुढच्या भेटीत डॉक्टरांना एक प्रश्न विचारा: ‘यांच्या गोळ्यांनी साखर एकदम खाली जाऊ शकते का?’ नुसती मेटफॉर्मिन ही मधुमेहाची गोळी चालू असेल तर तसं क्वचितच होतं आणि मग तुमच्या जागरणाला आधारच उरत नाही. जाऊ शकते असं उत्तर आलं, तर लक्षणं कोणती, ७० च्या खाली आकडा आला तर काय द्यायचं आणि झोपण्यापूर्वी कधी मोजायचं, ते लिहून घ्या. आणि ते मिस्टरांना स्वतःला कळू द्या.

आता तुम्ही. तुमच्या प्रश्नाचं खरं उत्तर इथे आहे. ‘माझ्या हातात आहे’ ही समजूत माणसाला बळ देते, पण ती ज्या गोष्टीवर ठेवली ती खरोखर हातात असेल तरच. तुम्ही ती दुसऱ्याच्या रक्तातल्या साखरेवर ठेवलीत. जबाबदारी सगळी तुमची आणि अधिकार काहीच नाही, ही जागा शरीराला फार महाग पडते. लंडनच्या सरकारी कर्मचाऱ्यांवर अनेक वर्षं अभ्यास झाला, त्यातला १९९७ चा एक निष्कर्ष असा होता की कामावर ज्यांना स्वतः काही ठरवता येत नव्हतं, त्यांना हृदयविकार जास्त झाला. तुमचं ऑफिस नाही, घर आहे. पण तुमच्या वहीची रचना तशीच आहे: आकडा वाईट आला तर दोष तुमचा आणि तो बदलायची कळ तुमच्याकडे नाही.

‘हातात असलेल्या आणि नसलेल्या गोष्टींच्या दोन याद्या करा’ हा सल्ला सगळीकडे मिळतो. मला तो फारसा चालताना दिसत नाही. तुमच्यासारख्या कर्त्या बायका सगळंच पहिल्या यादीत लिहून आणतात. मी वेगळा प्रश्न विचारते: ही गोष्ट घडायला कोणाचं शरीर लागतं? गोळी गिळायला त्यांचा घसा लागतो. चालायला त्यांचे पाय लागतात. कँटीनमधला दुसरा गुलाबजाम नको म्हणायला त्यांचं तोंड लागतं. ही कामं तुमची नाहीत, तुमची असूच शकत नाहीत. घरात काय शिजतं, डब्यात काय जातं, डॉक्टरांची वेळ घेणं, यांतलं जे तुम्ही आज करता ते तुमचं. (ते सगळं तुम्हीच का करायचं, मुलगा १९ वर्षांचा आहे की, हा वेगळा विषय, पण विचार करा.) तुमची झोप, तुमचं बीपी, तुमचं चालणं हे तर निव्वळ तुमचं.

आकड्यांनी जीव वर-खाली होतो म्हणून एक तांत्रिक गोष्ट सांगून ठेवते. घरच्या ग्लुकोमीटरला, म्हणजे साखर मोजायच्या मशीनला, थोडं चुकायची मुभा असते. आंतरराष्ट्रीय मानकाप्रमाणे १०० च्या वरच्या आकड्यांत प्रयोगशाळेपेक्षा १५ टक्के कमी-जास्त चालतं. म्हणजे खरी साखर १५० असेल तर मीटर १३० दाखवू शकतो आणि १७० सुद्धा. काल १४२ होती आणि आज १५५ आली म्हणून तुम्ही दिवसभर अस्वस्थ होतात, असं तुम्ही लिहिलंय. कदाचित त्या दोन दिवसांत काहीच बदललं नसेल. एचबीए१सी साधारण तीन महिन्यांची सरासरी सांगतो. निकाल बघायचा तर तो. रोजच्या पट्टीला निकालाचा मान देऊ नका, त्या पट्ट्या काही स्वस्तही नाहीत.

वही एकदम बंद करणं तुम्हाला जमणार नाही, तसं मी सांगणारही नाही. ती त्यांच्याकडे द्या. देताना साधारण असं बोलता येईल: ‘मी रोज टोचते, तुम्ही चिडता, आणि माझं बीपी वाढलंय. आजपासून मशीन आणि वही तुमची. मी विचारणार नाही. महिन्यातून एकदा, पहिल्या रविवारी, दोघांनी मिळून बघू. मध्ये कधी माझी मदत लागली तर सांगा. आणि एखाद्या आठवड्यात नाही मोजलंत तर नाही मोजलंत.’ शेवटचं वाक्य गाळू नका. डेव्हिड ग्लास आणि जेरोम सिंगर यांनी १९७० च्या सुमारास कर्कश आवाजाचे प्रयोग केले होते. काही जणांना आवाज बंद करायचं बटण दिलं, पण शक्यतो वापरू नका असंही सांगितलं. बहुतेकांनी ते वापरलंच नाही. तरी पुढच्या कामांत ही माणसं बटण नसलेल्यांपेक्षा जास्त टिकून राहिली आणि त्यांच्या चुकाही कमी झाल्या. ‘नाही’ म्हणायची मोकळीक आहे एवढं कळलं तरी माणसाचा ताण उतरतो. मिस्टरांकडे आज ते बटण नाहीये, म्हणून ते ‘नशीब’ दाबतात.

हे दिल्यावर पहिले दोन-तीन आठवडे वाईट जातील. ते खरंच मोजणार नाहीत असं धरून चाला. तुम्हाला वही परत ओढून घ्यावीशी वाटेल, आणि बरेच जण इथेच मागे फिरतात. त्या वेळेत हाताला दुसरं काम द्या, तुमच्या बीपीसाठी चालणं हे सगळ्यात सोपं. गोल्फ क्लबवर जमत असेल तर उत्तम, नाहीतर पाथर्डी फाट्याला तुमच्या कॉलनीतले चार फेरेसुद्धा चालतील. मिस्टरांना बरोबर ओढू नका. थर्ड शिफ्ट करून आलेल्या माणसाला सकाळी सातला ‘चला फिरायला’ म्हणणं हा आरोग्याचा सल्ला होत नाही. त्यांना झोपू द्या.

एक गोष्ट परिस्थितीवर अवलंबून आहे, ती मान्य करते. फिरत्या पाळ्या साखरेला मुळातच वाईट. त्या बदलून मिळतील का, निदान सलग नाईट कमी होतील का, हे कंपनीवर आहे, मनोबलावर नाही. काही ठिकाणी डॉक्टरांच्या पत्रावर विचार होतो, काही ठिकाणी होत नाही. पत्र मागून बघायला हरकत नाही. नाही जमलं तर त्या नोकरीत ७ च्या आत एचबीए१सी आणणं दुसऱ्या कुणापेक्षा त्यांना जड जाईल, आणि ते जड जाण्याला त्यांची बेपर्वाई म्हणू नका.

राहिला मुलगा. चेन्नईच्या संशोधकांनी भारतीय लोकांवरच केलेला एक अभ्यास २००६ साली प्रसिद्ध झाला. ज्यांची साखर मधुमेहाच्या उंबरठ्यावर होती अशी ५३१ माणसं त्यात होती. साधारण तीन वर्षांत, नेहमीचाच सल्ला मिळालेल्यांपैकी ५५ टक्क्यांना मधुमेह झाला. आहार आणि चालणं यांवर नियमित पाठपुरावा झालेल्यांत हे प्रमाण ३९ टक्के राहिलं. हे दोन्ही आकडे तुमच्या घरात मोठ्याने वाचण्यासारखे आहेत. शंभरातले सोळा वाचले, हे मिस्टरांनी ऐकावं. सगळं नीट करूनही एकोणचाळीस जणांना झालाच, हे तुम्ही ऐकावं. त्यांतल्या कुणाच्या बायकोने भाकरी मोजण्यात कसूर केली होती असं समजायचं कारण नाही.

मुलगा त्या अभ्यासातल्या माणसांपेक्षा खूप लहान आहे आणि त्याची साखर उंबरठ्यावर आहे की नाही हेच आपल्याला माहीत नाही. वडील-आजोबांना मधुमेह म्हणजे धोका जास्त, एवढं खरं. सरकारी मोहिमेत तपासणी तिशीपासून करतात, पण घराण्यात असेल आणि वजन किंवा पोटाचा घेर वाढलेला असेल तर डॉक्टर त्याआधीच सांगतात. एकदा उपाशीपोटी साखर करून घ्या. त्याला ‘तुझ्याही नशिबात आहे’ म्हणू नका आणि ‘सगळं तुझ्याच हातात आहे’ असंही सांगू नका. ५५ आणि ३९ सांगा. त्या वयाच्या मुलांना आकडे कळतात.

झोपेचं मात्र लांबवू नका. वही दिल्यावरही आणखी दोन-तीन आठवड्यांनी रात्री दोनला जाग येतच राहिली, छातीत धडधड, दिवसभर धास्ती असं चालू राहिलं, तर जवळच्या मानसोपचारतज्ज्ञांना किंवा समुपदेशकांना भेटा. लगेच जाणं होत नसेल तर सरकारची टेलिमानस हेल्पलाइन आहे, १४४१६ हा नंबर, फुकट, आणि मराठीत बोलता येतं. तिथे मिस्टरांबद्दल बोलायला लागलात तर तुम्हाला मध्येच थांबवून विचारतील, ‘आणि तुमचं काय?’ त्याचं उत्तर आधीच तयार ठेवा.